खोडायचं तर एकच रेघ

सर माणसाचं वय दिवसांत मोजत, आणि तेही जन्मापासून नाही. माझी मुलगी वर्षाची झाली तेव्हा मी प्रयोगशाळेत पेढे नेले होते. त्यांनी पेढा बोटांत धरून थोडा वेळ छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे सहाशे एकतीस. त्यातले पहिले दोनशे सहासष्ट कोणी धरतच नाही. सगळं अवघड काम त्याच दिवसांत उरकलेलं असतं." मग पेढा खाल्ला. मी घरी येऊन बेरीज करून पाहिली. बरोबर होती.

बारामतीच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत आणि मी त्याच विभागात प्रयोगशाळा सहायक होतो. ब्याण्णव साली मी तिथं लागलो. तेव्हा मी तिशीत होतो, ते चाळिशी ओलांडलेले. उंच, किंचित वाकलेले, आणि अंगात बाराही महिने बिनबाह्यांचा करड्या लोकरीचा स्वेटर. बारामतीचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला या स्वेटरचं नवल वाटल्याशिवाय राहणार नाही. पोरं मागून हसत. मलाही आधी वाटलं, माणूस जरा हुकलेला आहे. त्या स्वेटरचं कारण मला दोन महिन्यांनी कळलं. भिगवणहून येताना ते काचेची छोटी बाटली पोटाशी, बनियनच्या आत बांधून आणत. बाटलीत मेंढीच्या गर्भाच्या ग्रंथीचे तुकडे असत आणि त्यांना अंगाची ऊब लागे. स्वेटर बाटली हलू नये म्हणून होता.

सर मूळचे इंदापूरकडचे. आजोबांपर्यंत घरात मेंढरांचा कळप होता. वडिलांनी पुढं जमीन कसायला घेतली आणि कळप विकला. हे वडील, आबा, सरांजवळ बारामतीत राहत. कळप गेला तरी आबांनी दोन मेंढ्या ठेवल्या होत्या, त्या भाड्याच्या घराच्या मागच्या अंगणात बांधलेल्या असत. घरमालक एकदा तक्रार घेऊन आले.

"सर, ही वसाहत हाय. मेंढरांचा वाडा न्हाय."

सर म्हणाले, "करारात माणसं चार लिहिली आहेत. सहा करून घ्या. त्या दोघी रात्री दिवाही लावत नाहीत."

मालक हसले आणि गेले. मेंढ्या राहिल्या.

सरांच्या संशोधनाचं मूळ आबांच्याच एका वाक्यात होतं. लहानपणी त्यांनी आबांना विचारलं होतं, कोकरू कधी यायचं ते मेंढी ठरवते का. आबा म्हणाले होते, "मेंढी काय ठरवती? आतलं ठरवतं." पुढं तीस वर्षांनी एका जाड पुस्तकात सरांना तेच वाचायला मिळालं. मेंढीच्या पोटातला गर्भच आपली जन्माची वेळ ठरवतो. ते पुस्तक घेऊन ते घरी गेले आणि आबांना मराठीत सांगितलं. आबा म्हणाले, "मग एवढं जाड पुस्तक कशाला केलं?"

मी शास्त्रज्ञ नाही. पण चार वर्षं या कामात त्यांच्या हाताखाली काढल्यामुळे विषय मला साधारण सांगता येतो. मेंढीच्या पोटात गर्भ साधारण एकशे सत्तेचाळीस दिवस राहतो. गर्भाच्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर ॲड्रिनल नावाच्या दोन ग्रंथी असतात, चवळीच्या दाण्याएवढ्या. त्यांतून कॉर्टिसॉल हे हार्मोन निघतं. त्यानं फुप्फुसं पिकतात, आणि वेळ भरली की तेच मेंढीला कळा सुरू करतं. पण मधले पुष्कळ दिवस, साधारण नव्वद ते एकशे वीस, ही ग्रंथी जवळजवळ गप्प असते. सव्वाशेच्या पुढं ती भराभर वाढते आणि कामाला लागते. तिला गप्प कोण बसवतं आणि उठवतं कोण, हा सरांचा प्रश्न होता. मेंदूकडून हुकूम येतो हे माहीत होतं. पण हुकूम पोचल्यावर ग्रंथीतच तयार होणारी काही प्रथिनं, ज्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात, पेशींच्या कानात आपापलं सांगत असतात. एक म्हणतं वाढा. दुसरं म्हणतं थांबा. कोणत्या दिवसाच्या पेशी कोणाचं ऐकतात, एवढंच सरांना मोजायचं होतं.

"वाढ वेगळी, काम वेगळं," असं ते नेहमी म्हणत. पेशी जोवर दुपटी-चौपटीत गुंतलेल्या असतात तोवर त्या हार्मोन फारसं करत नाहीत. हे वाक्य ते कशालाही लावत. कॉलेजनं तिसरा मजला चढवला तेव्हा उद्घाटनाच्या चहाला ते प्राचार्यांना म्हणाले, "वाढ झाली. काम कधीपासून?" प्राचार्य दोन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत.

असं काम पुण्या-मुंबईच्या संस्थांत होतं. सरांनी ते बारामतीत मांडलं होतं. पीएच.डी.च्या मार्गदर्शक बाई पुण्याला होत्या. हार्मोनची मोजणी तिकडं होई, पेशी वाढवणं आणि मोजणं इथं. पेशी वाढवायची पेटी घ्यायला कॉलेजकडं तरतूद नव्हती. म्हणून सरांनी एका कोंबड्यांच्या हॅचरीतून अंडी उबवायची जुनी पेटी मागून आणली होती. तिचं तापमान त्यांनी आठवडाभर दर तासाला मोजलं, मग ती कामाला घेतली. पेशींना थोडा कार्बन डायऑक्साइड लागतो. त्यासाठी काचेच्या मोठ्या बरणीत मेणबत्ती पेटवून झाकण लावायचं. मेणबत्ती विझली की हवा बरोबर झाली. वीज गेली की सर पेटीला घोंगडी पांघरत आणि शेजारी खुर्ची टाकून बसत. आजारी माणसाजवळ बसतात तसे.

ग्रोथ फॅक्टरची पहिली कुपी पुण्याहून बर्फाच्या डब्यात आली तो दिवस मला आठवतो. मी ती उजेडात धरून पाहिली. आत काही नव्हतं.

"सर, रिकामीच पाठवली त्यांनी."

"दिसलं असतं तर मी परत पाठवली असती," सर म्हणाले. "एवढ्या थोड्याला हे ऐकतात म्हणून तर आपण बसलोय."

मोजणी माझ्याकडं होती. आखलेल्या काचेवर पेशींचा थेंब सोडायचा, सूक्ष्मदर्शकातून चौकोन पाहायचे आणि हातातल्या यंत्राची कळ दाबत जायचं. काही पेशी नेमक्या रेषेवर पडतात. त्यासाठी नियम आहे. वरच्या आणि डाव्या रेषेवरची मोजायची, खालच्या आणि उजव्या रेषेवरची सोडून द्यायची. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "सर, खालच्या रेषेवरची चांगली अर्धी आत आहे." ते म्हणाले, "दिसतेय मलाही. तरी सोडायची. तिला घेतलं की उद्या तू पाव आत असलेलीलाही घेशील."

दुसरा नियम नोंदवहीचा होता. चूक झाली तर गिरवायचं नाही, पान फाडायचं नाही. खोडायचं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी तारीख आणि दोन सह्या: लिहिणाऱ्याची आणि मान्य करणाऱ्याची. मी आजही घरची वाणसामानाची यादी तशीच खोडतो. बायको म्हणते, साबण खोडायला सही कशाला.

तिसरा नियम सरांचा नव्हता, आबांचा होता.

मेंढपाळाच्या घरात गाभण मेंढी खाटकाला देत नाहीत. सरांना तर गाभच पाहिजे होता. बापलेकांत यावर बोलणं झालं होतं ते मला आबांनीच सांगितलं. "मी म्हणलं ह्याला, चुकून कापली गेली तर तुझी. तुझ्यासाठी कापली तर न्हाय." सरांनी शब्द दिला होता. म्हणून ते दर रविवारी पहिल्या एसटीनं भिगवणला जात. हायवेवरच्या खानावळींना मटण पुरवणारं एक दुकान होतं, मालकाला सगळे मामा म्हणत. तिथं मेंढी कापल्यावर पोटात गाभ निघाला तर तो एरवी फेकला जाई. सर तो घेत. मामांना त्यांनी कधी काही दिलं नाही आणि निरोपही ठेवला नाही. दुकानाच्या बाहेर बाकड्यावर बसून राहायचं, निघाला तर घ्यायचा, नाहीतर रिकामं परतायचं. मी एकदा म्हणालो, निदान मामांना सांगून ठेवू. ते म्हणाले, "मागणी केली की माल येतो. गाभाला गिऱ्हाईक आहे हे कोणाला कळता कामा नये."

ज्या दिवशी नमुना मिळे त्या दिवशी सर मटण खात नसत. एरवी आवडीनं खात. ग्रंथी काढून झाल्या की उरलेला गर्भ ते बारामतीला आणून विभागामागच्या शिरीषाखाली स्वतः खड्डा करून पुरत. आणि संध्याकाळी घरी आबांना नोंदवही वाचून दाखवत.

"नमुना सत्तावीस. मेंढी काटेवाडीकडची. दात पडलेले. गर्भ बहात्तर दिवसांचा."

"दात पडलं म्हंजी इकणारच. एवढ्या दिसाचा गाभ वरनं कळत न्हाय. फुडं."

"नमुना अठ्ठावीस. वडगाव निंबाळकरची. पाय मोडलेला. एकसष्ट दिवस."

"बरोबर हाय."

आबांचं 'बरोबर हाय' आलं की सर शेवटच्या रकान्यात बारीक टिंब देत. पुण्याच्या बाईंनी एकदा ती टिंबं पाहून विचारलं होतं, ही कसली खूण. सर म्हणाले, "तपासणी झाल्याची."

तीन वर्षांत छत्तीस नमुने झाले. मी त्यांचा तक्ता केला होता. चौतीस नव्वद दिवसांच्या आतले आणि दोनच शंभरच्या पुढचे. कारण उघड होतं. लहान गाभ चुकून कापला जातो, मोठा जात नाही. पण सरांचा प्रश्न मोठ्या गाभाशिवाय सुटणार नव्हता. ग्रंथी जागी होण्याआधीच्या पेशी आमच्याकडं होत्या, जागी झाल्यावरच्या नव्हत्या. आणि पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती. ती शहाण्णवच्या मध्यावर संपणार होती. त्यानंतर सहा वर्षांचं काम कागदावर राहिलं असतं. सर हे कधी बोलले नाहीत. पण पंचाण्णवच्या पावसाळ्यात ते रविवारी बाकड्यावरून उठून दुसऱ्या एसटीपर्यंत थांबायला लागले.

त्याच दिवाळीनंतर त्यांना कावीळ झाली. डॉक्टरांनी दोन महिने प्रवास बंद केला. आबा तेव्हा इंदापूरकडं लेकीच्या गावी गेले होते, तिच्या घरी दुखणं होतं. भिगवणला मी एकटा जायला लागलो.

पहिल्याच रविवारी मामांनी मला आत बोलावलं. त्यांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश घ्यायचा होता. फॉर्म इंग्रजीत, जोडायचे कागद सात-आठ, आणि मुदत चार दिवसांवर. मी तिथंच फळीवर वर्तमानपत्र अंथरून फॉर्म भरला, प्रती कॉलेजातून साक्षांकित करून आणल्या आणि मुलीला सोबत करून पोचवल्या. प्रवेश झाला. मामांनी मला चहा पाजला.

"सरांची तब्येत कशी हाय?"

"उतार आहे."

"आन् त्यांचं ते काम? कुठवर आलं?"

मला विचारलं की मी आकडा सांगतो. ही माझी जन्माची सवय. मी म्हणालो, "लहान गाभ पुष्कळ झाले, मामा. मोठे मिळत नाहीत. सव्वाशे दिवसांच्या पुढचे आठ-दहा मिळाले तर पुस्तक पुरं होईल, सर डॉक्टर होतील. नाहीतर जूनला मुदत संपते."

मामा नुसतं "असं व्हय" म्हणाले आणि कपबशी उचलून आत गेले.

पुढच्या रविवारी मला दोन नमुने मिळाले. एक एकशे सव्वीस दिवसांचा, एक एकशे एकतीस. मामा म्हणाले, "पाय मोडला होता दोघींचा. ट्रकनं उडवल्या." मी लिहिलं: पाय मोडलेला. त्यापुढच्या रविवारी एक. मग दोन. नाताळ उलटेपर्यंत नऊ झाले, सगळे सव्वाशेच्या पुढचे. मी प्रत्येकापुढं मामांनी सांगितलेलं लिहीत गेलो. पाय मोडलेला. पाय मोडलेला.

तक्त्याचा रिकामा भाग भरत चालला याचा मला इतका आनंद होता की मी बाकी काही पाहिलं नाही. सर अशक्त होते, पण प्रयोगशाळेत येऊन बसत. या पेशी खरोखरच वेगळ्या वागत होत्या. आधीच्या पेशींना जे प्रथिन दुपटीनं वाढवत होतं, त्याला या फारशी दाद देत नव्हत्या. पुण्याहून हार्मोनचे आकडे आले तेव्हा सरांनी ते तीनदा वाचले. मग चष्मा काढून मला म्हणाले, "आबा म्हणतात ते आतलं, ते हे असावं." चार वर्षांत मी त्यांना एवढं हलताना पाहिलं नव्हतं.

संक्रांतीनंतर आबा परत आले. त्या रविवारी संध्याकाळी सरांनी मला घरी बोलावलं होतं. अंगणात मेंढ्या चघळत बसल्या होत्या. आबा बाजेवर, सर खुर्चीवर. सरांनी नोंदवही उघडली आणि राहिलेले नमुने वाचायला घेतले.

"नमुना सदतीस. पाय मोडलेला. एकशे सव्वीस दिवस."

आबांनी मान वर केली.

"अडतीस. पाय मोडलेला. एकशे एकतीस."

"फुडं."

"एकोणचाळीस. पाय मोडलेला. एकशे अठ्ठावीस."

सरांचा आवाज सपाट होत गेला. पंचेचाळीसपर्यंत त्यांनी न थांबता वाचलं. वाचून झाल्यावर आबांनी विचारलं, "समद्या गाभण मेंढ्यांचंच पाय मोडाय लागलंत व्हय भिगवणात?"

सरांनी वही मिटली.

"एकशे अठ्ठावीस दिसाची मेंढी आंधळ्यालाबी हाताला लागंल. कास भरती तिची. ती कापणाऱ्याला ठावं व्हतं." मग सरांकडं न बघता म्हणाले, "तुला कवा कळलं?"

मला वाटलं, सर म्हणतील, आत्ता. ते म्हणाले, "तिसऱ्याला."

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते मला म्हणाले, "तिसरा तू लिहिलास तेव्हा मी शेजारीच होतो. मी पान उलटलं."

मग मीही सांगितलं. फॉर्म, चहा, आकडा. माझं बोलून झाल्यावर आबा म्हणाले, "पोरीचं काम झालं न्हवं?"

"झालं आबा."

"मग ती चूक न्हाय. तोंड उघडलंस ती चूक." आणि सरांना म्हणाले, "तुला मी काय म्हणलं व्हतं?"

"तुझ्यासाठी कापली तर न्हाय."

"मग?"

"न्हाय आबा," सर म्हणाले. त्यांना असं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. वर्गात ते पुस्तकातल्यासारखं बोलत.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन एसटीडी बूथवर गेले. काचेच्या दाराआडून मला त्यांची बाजूच ऐकू येत होती. "नाही बाई, आकडे चुकलेले नाहीत... मोजणी बरोबर आहे... हो, मृत मेंढीला फरक पडत नाही, मान्य आहे... पडतो. इथं पडतो... नाही, त्यांच्याशिवाय प्रबंध उभा राहत नाही, तेही मान्य." मग बराच वेळ ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, ते नऊ खालच्या रेषेवरचे आहेत." आणि फोन ठेवला.

प्रयोगशाळेत आल्यावर त्यांनी पट्टी घेतली आणि नऊ ओळींवर नऊ रेघा मारल्या. बारीक, सरळ. खालचा प्रत्येक आकडा वाचता येत होता. तारीख घातली, सही केली आणि वही माझ्याकडं सरकवली.

"तू लिहिलंस, मी मान्य केलं. दोघांच्या सह्या."

मी नऊ सह्या केल्या.

"सर, मुदतीला पाच महिने आहेत. अजून मिळतील."

"चुकून?" ते म्हणाले. "तीन वर्षांत दोन मिळाले. तूच हिशेब कर."

हिशेब मी आधीच केला होता.

भिगवणला जायचं राहिलं होतं. मामांना थांबवायला हवं होतं. मी म्हणालो, मी जाऊन सांगतो. सर म्हणाले, "काय सांगशील?" मग ते स्वतः आले. मामा दुकानात होते, सरांना बघून हात पुसत बाहेर आले.

"या सर. लई वाळलात. आजबी एक ठेवलाय तुमच्यासाठी."

सर बाकड्यावर बसले. "मामा, आता नको. माझं काम झालं."

"झालं? पुस्तक झालं?"

"झालं."

"मंग तुमी डाक्टर झाला म्हणायचं."

"होईन."

मामांचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडं पाहिलं. चार वर्षांत सरांच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकच खोटं. परतताना एसटीत मी विचारलं, खरं का नाही सांगितलं. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "खरं सांगितलं तर नऊ मेंढ्या त्याच्या गळ्यात पडतात. त्या माझ्या आहेत."

घरी आल्यावर त्यांनी आबांना सांगितलं, की या वर्षी काही व्हायचं नाही आणि पुढंही नाही. आबा मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत होते.

"गाभडलं म्हण की," आबा म्हणाले.

"व्हय आबा."

अवेळी गाभ पडला की मेंढपाळ हेच म्हणतात. दुसरं काही म्हणत नाहीत, आणि मेंढीला दोष देत नाहीत. त्या संध्याकाळी आबांनी सरांच्या पाठीवरूनही हात फिरवला. मेंढीच्या पाठीवरून फिरवत होते तसाच.

जूनमध्ये मुदत संपली. उबवणीची पेटी हॅचरीला परत गेली. सर शिकवत राहिले, बढती झाली नाही, आणि स्वेटर मात्र अंगावर तसाच राहिला. आत बाटली नव्हती. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "सवय पडली. पोटाला गार लागतं."

नव्व्याण्णव साली मामांच्या मुलीचं लग्न ठरलं. ती नर्स झाली होती. मामा स्वतः पत्रिका घेऊन बारामतीला आले. प्रमुख उपस्थितीत सर्वांत वर सरांचं नाव होतं आणि नावाआधी 'डॉ.' छापलेलं. ज्या माणसानं कॉलेजच्या नामफलकावर चुकून पडलेलं 'डॉ.' चाकूनं खरवडून काढलं होतं, त्याच्या हातात ती पत्रिका होती. सरांनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाले, "येतो, मामा."

लग्न भिगवणला होतं. अक्षता पडल्यावर लाउडस्पीकरवरून पुकारा झाला, "डॉक्टरसाहेबांना इनंती हाय, वधूवरांना आशीर्वाद द्यायला स्टेजवर यावं." मांडवात हजारभर माणूस असेल. मी सरांच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी स्वेटर खाली ओढला आणि उठले. स्टेजवर मामा माइक घेऊन सांगत होते, "ह्यांच्या डाक्टरकीला थोडा आपलाबी हात लागलाय." सरांनी मान हलवली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माणसांना नमस्कार केला. त्या दिवशी मटणाची पंगत होती. सर जेवले, पण मटण वाढून घेतलं नाही.

आबा त्याच्या पुढच्या वर्षी गेले. सर सहा वर्षांपूर्वी गेले. वहिनींनी, सरांच्या पत्नीनं, मला पुस्तकं बघून न्यायला बोलावलं. कपाटाच्या तळाशी ती नोंदवही होती. मी नऊ रेघांचं पान काढलं. त्याच्या समोरच्या कोऱ्या पानावर लग्नपत्रिका चिकटवलेली होती. सरांच्या नावाआधीच्या 'डॉ.'वर पट्टीनं मारलेली एक बारीक रेघ होती. खालचं अक्षर स्वच्छ वाचता येत होतं. शेजारी लग्नाची तारीख आणि सरांची सही. त्या सहीशेजारी दुसऱ्या सहीची जागा मोकळी सोडलेली होती.

मी खिशातलं पेन काढलं आणि सही केली.